डोंगरवाल्या तंबूची शिवण

मागच्या अंगणात तीन तंबूंची छपरं झोळ्यांसारखी चार कोपऱ्यांना टांगली होती आणि प्रत्येक झोळीत दोन बादल्या पाणी होतं. सकाळी नऊला ओतलेलं. दुपारचा एक वाजून गेला तरी मी खुर्ची सोडली नव्हती. झोळ्यांखाली वर्तमानपत्रं पसरली होती, थेंब पडला की डाग दिसावा म्हणून.

ताडपत्रीची परीक्षा आमच्या दुकानात अशीच व्हायची. कुणी कितीही भारी कापड घेऊन येवो, छापील कागद नाचवो, मी म्हणायची, कागद ठेवा बाजूला, झोळी बांधा. संगमनेरच्या बाजारात आम्हा बोंगाळ्यांचा माल म्हटला की गिऱ्हाईक उलटून विचारायचं नाही, ते ह्या झोळीमुळे. माझे मालक गेले तेव्हा लेक दिगंबर नववीत होता. मी दुसरी शिकलेली बाई, सही करताना जीभ बाहेर यायची, पण मागच्या खोलीत तीन मशिनी लावून मी ते दुकान चालवलं. ट्रकवरची ताडपत्री, मांडवाचं कापड, कांद्याच्या ढिगावरचं झाकण, सगळं माझ्या हाताखालून गेलं. गावात मला कुणी बोंगाळेबाई म्हणत नव्हतं. गोदाक्का म्हणायचे, आणि जरा आवाज खाली घेऊन म्हणायचे.

तर हे तंबू. सोळा वर्षं झाली त्याला. आमच्या गावावरून पुण्याकडची पोरं भंडारदऱ्याला, हरिश्चंद्रगडाला जायला लागली होती, पाठीवर बोचकी घेऊन. दिगंबरच्या डोक्यात आलं की ताडपत्रीचे दिवस भरत आले, आता तंबू विकावेत. तीन कंपन्यांच्या एजंटांनी एकेक नमुना आणून टाकला. एका कंपनीची एजन्सी घ्यायची, मशिनी विकायच्या, मागची खोली रंगवून तिथं तंबूंचं दुकान काढायचं, आणि ते हेमलता बघणार. हे शेवटचं वाक्य त्यानं मला जेवताना सांगितलं, भाताकडे बघत.

हेमलता म्हणजे माझी सून. मनमाडची, बी.कॉम. झालेली. आठ वर्षं झाली होती घरात येऊन. दिगंबर माल आणायला गेला की ती गल्ल्यावर बसायची. ती भाव सांगायची, मी मागून दोन रुपये इकडे नाहीतर तिकडे करायची. गिऱ्हाईक मग तिच्याकडे बघायचंच बंद करायचं. तिला हे कळत होतं. ती कधी बोलली नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून राग.

तंबूचं नाव निघालं तशी ती वेगळीच दिसायला लागली. एक वही केली तिनं. आडव्या-उभ्या रेघा मारून तिन्ही तंबूंची माहिती लिहिली. वजन किती, काड्या कसल्या, कापडावर किती पाणी उभं राहू शकतं, शिवण कशी, भाव काय. नाशिकच्या गिर्यारोहण करणाऱ्या पोरांना फोन करून विचारलं. एकदा ती आईशी फोनवर बोलत होती, मी ओट्याशी होते. म्हणत होती, मागच्या खोलीला फिकट पिवळा रंग देणार, खिडकीपाशी माझं टेबल. माझ्या मशिनी होत्या त्या खिडकीपाशी.

तंबूंची नावं इंग्रजीत. मला वाचता येईनात, म्हणून मी त्यांना चित्रांवरून ओळखायची. एकावर हरीण, एकावर बदक, एकावर डोंगर. हरीणवाला म्हणजे आहेरात आलेली साडी. घडी उघडेपर्यंत झकपक. बदकवाला मला पसंत होता. हातात घेतला की वजन लागायचं, कापड अंगचं जाड. डोंगरवाला इतका हलका की मला तो घ्यायलाही लाज वाटली. हेमलतानं वहीत डोंगरवाल्यावर बरोबरची खूण केली होती.

मी म्हटलं, वही राहू दे, झोळी बांधा.

हरीण दहालाच गळायला लागलं, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. साडेअकराला बदकाच्या शिवणीतून तीन थेंब पडले. मी पायानं तो कागद जरा सरकवला, पण दिगंबरनं बघितलं होतं. डोंगराखालचा कागद कोरडा. एक वाजला, दोन वाजले. चार वाजता हेमलता पदर खोचून झोळीखाली वाकली, कापडाला खालून तळहात घासला आणि वर केला. कोरडा ठाक. तिनं तो हात दिगंबरला दाखवला. मला नाही. मशिनीवरचे दोघे कारागीर दारात उभे होते, ते एकमेकांकडे बघून हसले.

मी म्हटलं, झोळीत पाणी निवांत बसलेलं असतं. वाऱ्यात कापड ओढलं जाईल, शिवण ताणेल, तेव्हा बघा. एकेरी टाका आहे ह्याला.

हेमलतानं छपराची कड उलटी करून माझ्यापुढे धरली. शिवणीवर आतून बोटभर रुंदीची पातळ, काचेसारखी पट्टी होती. म्हणाली, "आई, शिवणीवर ही पट्टी गरम करून चिकटवलेली असते. सुईची भोकं तिच्यानं बंद होतात."

"म्हणजे डिंक."

"डिंक समजा."

ती हे साधेपणानं म्हणाली. पण दिगंबर हसला. त्या अंगणात तोवर मला कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं, आणि ते ऐकून कुणी हसलंही नव्हतं.

संध्याकाळी त्यानं ठरवून टाकलं. गणपती उठले होते, पितृपक्षात नवं काही घ्यायचं नाही, म्हणून करार नवरात्रात. त्याआधी डोंगरवाला घेऊन भंडारदऱ्याला एक मुक्काम करायचा. परतीचा पाऊस तिकडे हमखास. कोरडे राहिलो तर एजन्सी घ्यायची, भिजलो तर विषय बंद, मशिनी जागच्या जागी. मी म्हटलं, मी पण येणार. तो म्हणाला, तुला जमिनीवर झोपवेल का? मी म्हटलं, तुला जन्म दिला तोही जमिनीवरच.

जायच्या आदल्या गुरुवारी हेमलताच्या वडिलांचं श्राद्ध होतं. ती, दिगंबर आणि जुई, माझी सहा वर्षांची नात, मनमाडला गेली. बाजार बंद, कारागिरांना सुट्टी. घरात मी एकटी. अकराच्या सुमाराला मी तंबूची पिशवी उघडली.

छप्पर मशिनीवर घेतलं. जाड सुई लावली, मेण लावलेला आमचा सुती दोरा ओवला. आमच्या धंद्यात शिवण दुहेरीच लागते. पाणी लागलं की सुती दोरा फुगतो आणि सुईनं पाडलेलं भोक आपल्या अंगानं बुजवतो. तीस वर्षं मी हे डोळ्यांनी बघितलेलं. चार शिवणी होत्या, टोकापासून कडेपर्यंत. प्रत्येकीवर, त्या काचेच्या पट्टीवरूनच, मी दुसरा टाका घातला. कापड निसरडं, सुईखाली पळत होतं. अडीच तास लागले. टाका एका मापाचा पडला. अजून सांगते, तसा टाका संगमनेरात दुसरं कुणी घालू शकलं नसतं.

नातीसाठी केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. खोटं कशाला बोलू. मी ठरवून ठेवलं होतं, कोरडे राहिलो की तिथंच सांगायचं: वर हात लावून बघा, कुणाच्या टाक्यानं कोरडे राहिलात ते. एजन्सी घ्यायची तर घ्या, पण ती तिच्या वहीनं आणली असं म्हणायचं नाही. छप्पर होतं तसं घडी घालून पिशवीत भरलं. तुटलेले दोऱ्याचे तुकडे गोळा करून चुलीत टाकले.

शनिवारी दुपारी आम्ही तलावाच्या काठी पोचलो. ऊन होतं, पण रतनगडाच्या अंगाला ढग साचले होते. हेमलता त्या ढगांकडे सोयऱ्यांची वाट बघावी तशी बघत होती. पंजाबी ड्रेस घातला होता तिनं, मी त्यावर काही बोलले नाही. तिनं आणि दिगंबरनं काड्या जोडल्या, खालची जाळीची खोली उभी केली, वरून छप्पर ओढलं. जुई एकेक खुंटी नेऊन देत होती आणि प्रत्येक खुंटीला नाव ठेवत होती. मी दगडावर बसून भाकरीचं फडकं सोडत होते. छप्पर घालताना हेमलतानं शिवणीवरून हात फिरवला असता तर तेव्हाच कळलं असतं. पण ती ताणाकडे बघत होती, दोऱ्या सारख्या आहेत का ते.

जेवलो. जुई आत जाऊन झोपली. चारच्या सुमाराला वारा उठला आणि तलावावर पांढरी रेघ दिसली. ती रेघ बघता बघता आमच्यावर आली. हेमलता आणि मी आत शिरलो, दिगंबर बाहेर दोऱ्या आवळत राहिला. आवाज तर असा की पत्र्यावर हरभरे ओतावेत.

दहा मिनिटं काही झालं नाही. हेमलता गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. केस ओले, चेहरा लहान पोरीसारखा. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, भीती नाही ना वाटत?" त्यात टोमणा नव्हता. मी कितीदा तो शोधून बघितला आहे, नव्हता. माझं वाक्य जिभेवर आलं होतं, वर हात लावून बघ. पण म्हटलं, दिगंबर आत येऊ दे, त्याच्या देखत.

तेवढ्यात जुईच्या कपाळावर एक थेंब पडला.

मग तिच्या पांघरुणावर. मग माझ्या मांडीवर. मी वर बघितलं. छपराखालच्या जाळीतून थेंब गळत होते, चारी शिवणींवर, सरळ रेघेत. जणू कुणी पट्टी धरून आखून दिलेत. भोकं बुजली नव्हती. दोरा फुगला असेल, पण ते कापड दोऱ्याला धरून बसणारं नव्हतंच. मी एकेका टाक्यानं चाळण करून ठेवली होती.

हेमलतानं आधी जुईला उचलून कोपऱ्यात सरकवलं. मग दाराची चेन उघडली, जाळी आणि छपराच्या मधून हात घालून शिवणीला बोटं लावली. बोटं तिथंच थांबली. तिनं दोरा दोन बोटांत धरून चोळला. हात आत घेऊन नाकाशी नेला. आमच्या दोऱ्याच्या मेणाचा वास दुकानात आठ वर्षं काढलेल्या माणसाला परका नव्हता.

तिनं माझ्याकडे बघितलं.

दिगंबर वाकून आत आला, अंगावरून पाणी निथळत होतं. वर बघून म्हणाला, "हे काय गं? हे तर सगळीकडून गळतंय."

हेमलता माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "माझी निवड चुकली."

आणि थांबली. जुई जागी होऊन खोकायला लागली होती. त्या पावसात बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मग मी बोलले.

"मी म्हटलं होतं, बदकवाला घ्या."

हेमलतानं मान खाली घातली आणि जुईच्या पायात मोजे घालायला लागली.

सगळं ओलं बोचकं तसंच गाडीत कोंबून आम्ही निघालो. तंबू हेमलतानं एकटीनं आवरला, दिगंबर मदतीला गेला तर त्याला म्हणाली, तुम्ही जुईला बघा. राजूर गेल्यावर तो बोलायला लागला, तो घरापर्यंत बोलत राहिला. माझा दिगंबर आवाज चढवणारा नव्हे, तो हळू बोलतो आणि एकच गोष्ट फिरवून फिरवून बोलतो. वहीतल्या रेघांनी धंदा होत नाही, आईचा हात तीस वर्षं कापडावर आहे, नशीब एजन्सीचा करार आधी केला नाही, पोरीला काही झालं असतं म्हणजे. हेमलता मागं बसली होती. जुईचं डोकं तिच्या मांडीवर. मी पुढच्या सीटवर, लेकाच्या शेजारी. आईचा हात म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं. तेही सांगून टाकते.

जुईला आठ दिवस ताप होता. बरी झाली. नवरात्रात एजंट आला, दिगंबरनं त्याला चहा पाजून परत पाठवला. ती एजन्सी मग समोरच्या सायकलवाल्यानं घेतली. दिवाळीच्या आत त्याच्या दुकानावर डोंगराचं चित्र लागलं, आणि दर शनिवारी त्याच्या दारात गाड्या उभ्या राहायला लागल्या. दिगंबर गल्ल्यावर बसून त्या गाड्या बघायचा. म्हणायचा, सडका माल खपवतोय, कळेल एक दिवस. तो दिवस काही आला नाही. आमच्या मशिनी मात्र चार वर्षांनी भंगाराच्या भावानं गेल्या, त्या विकताना माझं मत कुणी विचारलं नाही.

पण ते पुढचं. त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत, हेमलता बाहेर गेली आहे असं बघून, मी स्टुलावर चढून माळ्यावरून तंबूची पिशवी काढली. माझे टाके उसवून ठेवावेत असं मनात होतं. दिगंबरनं कधी सहज उघडलं तर? छप्पर मांडीवर घेतलं आणि शिवण शोधली. टाका नव्हता. दुसऱ्या शिवणीवर नव्हता, तिसऱ्या, चौथ्या. सगळे उसवलेले, एकेक टाका ब्लेडनं कापून, दोऱ्याचं एक कुसळ मागं न ठेवता. नुसती भोकांची ओळ.

हेमलता आली तेव्हा मी तशीच बसले होते, छप्पर मांडीवर. तिनं चपला काढल्या. मांडीवर काय आहे ते बघितलं आणि आत जाऊन पाणी प्यायली. ती कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला अर्ज देऊन आली होती, हे मला नंतर कळलं.

मी विचारलं, "हे तू उसवलंस?"

"हो. आल्यावर दुसऱ्याच दिवशी."

"कशाला?"

"ह्यांच्या हाती लागलं असतं तर ह्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं असतं. मग घरात तुमची दोघांची तोंडं बघत मला राहावं लागलं असतं."

मी म्हटलं, "मग तिथंच का नाही बोललीस? तोंडाला कुलूप होतं का?" माझा आवाज चढला. चूक माझी आणि आवाजही माझाच.

ती खाली बसली, माझ्यासमोर, आणि छपराचं दुसरं टोक हातात घेऊन घडी घालायला लागली. म्हणाली, "बोलले की मी. माझी निवड चुकली म्हणाले आणि थांबले. तुम्ही नाही म्हणाल म्हणून थांबले होते, आई. किती वेळ थांबले, तुम्हाला आठवत असेल."

मला आठवत होतं.

"तुम्ही एवढं जरी म्हणाला असता ना, की अगं नाही, त्याला मी हात लावला होता, तर मीच ह्यांना सांगितलं असतं की आईंनी आपल्या भल्यासाठीच केलं. तयार होतं माझ्या तोंडात."

छपराची घडी होत आली होती. माझ्या हातातलं टोक तिनं अलगद काढून घेतलं. मी म्हटलं, दिगंबरला आज सांगते. संध्याकाळी आला की सांगते.

ती म्हणाली, "आता नका सांगू. एजन्सी समोर गेली. आता सांगितलंत तर तुम्हाला तेवढं हलकं वाटेल, दुसरं काही होणार नाही. तेवढं मला तुम्हाला द्यायचं नाही."

हे ती रागानं म्हणाली नाही. तिनं पिशवीची दोरी ओढली, गाठ मारली, आणि स्वयंपाकाला लागली. काय करू आज, असं मला विचारलं. मी म्हटलं, कर तुला हवं ते. ती म्हणाली, तुम्ही सांगा, तुम्ही म्हणाल ते.

त्यानंतर ती मला प्रत्येक गोष्ट विचारते. भाजी, पडदे, जुईचं कॉलेज, माझ्या औषधाचा डॉक्टरसुद्धा. तुम्ही म्हणाल ते. सोळा वर्षं एकदाही तिनं स्वतःचं म्हणून काही पुढे केलं नाही. कॉलेजच्या ऑफिसात म्हणे तिच्या शब्दाशिवाय कागद हलत नाही.

दिगंबरला ह्यातलं काही माहीत नाही. मागच्याच महिन्यात पाहुणे आले होते. ताटं वाढली होती, बोलता बोलता कुणीतरी हेमलताला विचारलं, वहिनी, नवीन गाडी कोणती घ्यावी, तुम्ही शिकलेल्या, सांगा. दिगंबर हसत म्हणाला, "हिला विचारू नका बाबा. हिनं एकदा तंबू निवडला होता." सगळे हसले. त्यानं मग ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली, पाऊस, थेंब, वही, सगळं रंगवून. हेमलताही हसली. आणि हसता हसता तिनं माझ्याकडे बघितलं, थांबली तेवढी, तंबूत थांबली होती तशी.

मी म्हटलं, "वाढ गं भात, थंड होतोय."